एकेचाळीस क्रमांकाची बुरशी

आमच्या प्रयोगशाळेत पेट्री डिश धुण्यात ज्यांची एकतीस वर्षे गेली, त्या मदतनिसांना सगळे 'मामा' म्हणत. आपुलकीने नव्हे, नाव लक्षात ठेवण्याचा त्रास नको म्हणून.

मातीतल्या बुरशींपासून बुरशीनाशक औषध शोधण्याची टूम निघाली, तेव्हा संचालकांनी प्रत्येकाला घरची चिमूटभर माती आणण्याचे फर्मान काढले. मामांनी दिवंगत पत्नीच्या कुंडीतली आणली. आम्हा पदवीधरांच्या मातीतून काहीही निघाले नाही. मामांच्या मातीतली करडी बुरशी मात्र अशी, की डिशमध्ये तिच्या आसपास रोगकारक बुरशी फिरकेना. भोवती स्वच्छ वर्तुळ उमटले. तिला एकेचाळीस क्रमांक मिळाला. मामा रोज सकाळी आधी तिच्याकडे जात. घरी विचारपूस करण्याजोगे कोणी उरले नव्हते.

पुढे दर महिन्याला तिला साखरयुक्त, ताज्या खाद्यावर हलवण्यात येऊ लागले.

"साहेब, हिचे इतके लाड करू नका," मामा म्हणाले. "आयतं गिळून आळशी होईल."

"मामा, तुम्ही डिश धुवा," संचालक म्हणाले. सगळे हसले. मीही हसलो, हे नमूद करणे भाग आहे.

दीड वर्षात वर्तुळ आक्रसत नाहीसे झाले. 'निरुपयोगी' असा शेरा पडला. मामांच्या निवृत्तीला तेव्हा आठवडा उरला होता. शेवटच्या दिवशी त्यांनी माझ्या हातात एक बुचाची नळी ठेवली. पहिल्याच महिन्यात, कोणालाही न विचारता, त्यांनी एकेचाळीसला निर्जंतुक केलेल्या कोरड्या मातीत झोपवून ठेवले होते.

"उपाशी आहे, पण शाबूत असेल. तेवढी फेकू नका."

त्या नळीतून वाढवलेल्या बुरशीभोवती वर्तुळ परतले. अहवालात श्रेय संचालकांच्या दूरदृष्टीला गेले. मामांच्या उल्लेखासाठी मी तीन अर्ज केले. तिन्हींवर एकच उत्तर आले: तशी प्रथा नाही. त्यांना कळवण्याचीही प्रथा नसावी, म्हणून मीच गेलो.

एका खोलीचे घर. खुर्ची एकच, ती त्यांनी मला दिली. खिडकीत कुंडी, तिच्यात नुसती माती.

"जगली का?"

"जगली. वर्तुळही आलं."

"केवढं?"

"बावीस मिलिमीटर."

मामांनी कुंडीतली माती बोटाने उकरली.

"पहिल्यांदा चोवीस होतं. दोन कुठे गेले?"

त्यांनी चिमूटभर माती कागदात बांधून माझ्या खिशात घातली.

ती तपासण्याच्या परवानगीसाठी केलेला माझा चौथा अर्ज आजही प्रलंबित आहे.