टेबलाच्या उंचीचा काशीराम

काशीराम मिरकरवाड्याच्या बंदरात होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो. वय सेहेचाळीस. हात कसबी, डोकं तापट, असं सगळे म्हणत. ते डोकं कशाने तापतं, हे विचारायचं मात्र कुणाला सुचलं नाही.

गेल्या चैत्रात आईने जेवताना सांगितलं, "तुझा काका मुंबई सोडून कायमचा येतोय. पडवीतली खोली त्याला देऊया."

काशीरामने ताट भिंतीवर भिरकावलं. नऊ वर्षांची लेक दिशा घाबरून रडू लागली, तर तो तिच्यावरच हात उगारून धावला. बायकोने, मनिषाने, तो हात वरच्या वर धरला. "कुणाला तरी दाखवून घ्या. नाय तर मी पोरीला घेऊन माहेरी चालले."

समुपदेशक राही मॅडमांसमोर तो तीन आठवडे नुसता बसला. चौथ्या वेळी बोलला. लहानपणी सुट्टीला आलेला काका त्याला पडवीत आपल्या अंथरुणात झोपवायचा. अंगाशी नको ते करायचा. दोन वर्षं, प्रत्येक सुट्टीत.

"मी ओरडलो नाय. माझीच चूक."

"तेव्हा केवढे होता? हाताने दाखवा."

त्याने उंची दाखवायला हात आडवा धरला. तो टेबलाच्या कडेला टेकला. काशीराम त्या हाताकडे बघतच राहिला. मग मूठ दाणकन आपटली. "एवढंसं पोर होतं हो ते! एवढंसं!"

"आज राग बरोबर माणसावर आलाय," मॅडम म्हणाल्या.

"म्हणजे आता माफ करू त्याला?"

"असं मी कुठे म्हटलं?"

घरी येऊन त्याने आईला विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

आई तांदूळ निवडत राहिली. "तेव्हा तोच घर चालवायचा रे. बोलून काय झालं असतं?"

म्हणजे ठाऊक होतं! आणि तरी पडवीतली खोली त्यालाच.

मे महिन्यात भर दुपारी काका रिक्षातून उतरला. काशीराम दारात आडवा उभा राहिला. शेजारी ऐकत होते, तरी त्याने काकाने काय केलं ते मोठ्याने सांगितलं. "माझी पोर आहे या घरात. आत पाऊल टाकायचं नाय."

"या वयात मी कुठं जाऊ?"

"आठ वर्षांचा असताना मी कुठं जाणार होतो?"

काका त्याच रिक्षाने परत गेला. आई रुसून लेकीकडे गुहागरला गेली. भावकी म्हणते, काशीरामने म्हाताऱ्याला हाकललं. म्हाताऱ्याला मात्र अजून कुणी एका शब्दाने विचारलेलं नाही.

काशीराम दर गुरुवारी मॅडमांकडे जातो. त्याने दिशाची माफी मागितली. पण त्याचा आवाज चढला की ती अजून दचकते, आणि तेव्हा त्याला स्वतःचाच संताप येतो.