दार लावून केलेला पंचनामा

त्या दाराची करकर आजही माझ्या कानात आहे. नोकरीत मी दारं पुष्कळ ऐकली. कोठडीची, तिजोरीची, रागावलेल्या वरिष्ठांच्या केबिनची. पण पनवेलच्या एका सरकारी कचेरीच्या दारासारखं दार पुन्हा भेटलं नाही.

काळ नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचा. माहितीचा अधिकार हे शब्द तेव्हा ठाण्यात कुणाच्या तोंडी नव्हते. सरकारी कागद सरकारचा. तो दुसऱ्याला ठाऊक असला, तर त्यानं चोरलाच असणार. मी तिथं फौजदार होतो. मिशी नवी होती आणि रुबाब तिच्याहून नवा.

एके सकाळी जमिनींचं काम बघणाऱ्या त्या कचेरीचे प्रमुख तणतणत ठाण्यात आले. हातात स्थानिक साप्ताहिक, चार पानी. पहिल्याच पानावर बातमी होती: सुकापूरच्या बाजूच्या एका गावाचं गुरचरण गोदामांसाठी द्यायचं घाटतं आहे, हरकती नोंदवायची मुदत चालू आहे, गावकऱ्यांनी ताबडतोब अर्ज करावेत.

"गोपनीय कागद होता हा! माझ्या कपाटातून फुटलाय. चोरी आहे, चोरी!"

आमच्या इन्स्पेक्टर साहेबांनी मला फर्मावलं, "संध्याकाळपर्यंत संपादक आत आणि छापखान्याला सील. आणि कागद पुरवणाऱ्याचं नाव पाहिजे."

खबर मिळायला वेळ लागला नाही. कचेरीसमोरच्या चहावाल्याकडे आमच्या हवालदारांनी दोन कटिंग घेतले, तिसऱ्याला तो आपणहून बोलता झाला. "जेवणाच्या सुट्टीत सगळ्या पब्लिकला बाहेर काढून दार लावतात, साहेब. पण तो संपादक आतच! त्याच्या डब्यात जवळ्याची चटणी असते ना. अख्खा स्टाफ तिच्यावर लट्टू."

जवळ्याच्या चटणीच्या बदल्यात सरकारी गुपितं! केस माझ्या डोक्यात उभी राहिली, पदकासकट.

संपादकांना ठाण्यात आणलं. मिठागरवाल्या घरातला पन्नाशीचा माणूस. पांढरा सदरा, खांद्याला शबनम, नखांत शाई. लिहायचे शुद्ध पुस्तकी, बोलायचे मात्र गावचं.

"कागद कुणी दिला?"

"कुनीच नाय, सायेब."

"मग चोरलात?"

"चोरला पन नाय. वाचला."

"कुठे?"

"कचेरीत."

"कुणाच्या टेबलावर?"

"ते नाय सांगनार."

मी टेबलावर मूठ आपटली. पाण्याचा पेला उडाला.

"हलू मारा," ते म्हणाले. "सरकारी टेबल हाय."

हवालदार पुढे सरसावले. "काका, कोठडीत घरचा डबा येत नाही हां. चटणी तर विसराच."

ते हसले. माणसं घाबरली की हसतात, हे मी पाहिलं होतं. हे हसणं तसलं नव्हतं. पण छापखान्याला सील लागेल म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. मशीन त्यांची बायको चालवायची, पायानं. घर त्यावरच चालायचं. त्यांनी आपल्या काळ्या नखांकडे पाहिलं.

मग म्हणाले, "लावा सील. पन आधी कचेरीच्या जागेचा पंचनामा कराल ना?"

"करणारच."

"मंग रीतसर करा. पंच बाहेरचे घ्या. आनि दार लावून करा, आत-बाहेर कोन नको."

आरोपी मला पंचनामा शिकवत होता! हवालदारांनी तोंडावर रुमाल धरला.

दुपारी एसटी स्टँडवरचे दोन रिक्षावाले पंच म्हणून घेतले आणि कचेरीत गेलो. लांबलचक खोली, जुनं सागवानी दार. दोन्ही फळ्या आत उघडून भिंतीला टेकवलेल्या, वाऱ्यानं आपटू नयेत म्हणून खाली एकेक धोंडा. मी कपाट तपासलं. कुलूप शाबूत, फाईल शाबूत, मूळ कागद जागच्या जागी.

"साहेब, गेलं काय मग?" मी प्रमुखांना विचारलं.

"कागद नाही गेला हो. मजकूर गेला!"

मजकूर जप्त कसा करायचा, हे मला प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं. तोवर दारात बघ्यांची गर्दी जमली, माना उंचावून पंचांना काय झालं ते विचारू लागली. माझा आवाज चढला. "हवालदार, दार लावा!"

हवालदारांनी पायानं धोंडा सारला. करकर करत उजवी फळी भिंतीपासून सुटली, आणि तिच्यामागून, नाटकात पडदा सरकावा तसा, एक भलामोठा फलक उजेडात आला. वर पांढऱ्या रंगात लिहिलेलं: सूचना फलक. मधोमध तीच नोटीस. सर्व संबंधितांना कळविण्यात येते की. खाली गोल शिक्का आणि सही.

मी पुढे होऊन सहीवर बोट ठेवलं.

"सही आपलीच?" मी प्रमुखांना विचारलं.

त्यांनी चष्मा पुसला. पुन्हा पुसला. "आहे... माझीच."

एक कारकून चाचरत म्हणाला, "नियमाप्रमाणे लावलीय, साहेब. प्रत्येक नोटीस आम्ही लावतोच."

"आणि हे दार?"

"ते दिवसभर उघडंच ठेवायचं असतं. पब्लिकसाठी."

एका रिक्षावाल्या पंचाला राहवलं नाही. "म्हणजे दार उघडं तर नोटीस झाकलेली, आणि नोटीस उघडी तर आपण बाहेर! वा रे वा!"

मी जे दिसलं ते शब्दाला शब्द लिहिलं. फळी किती उघडते, फलक कुठे येतो, नोटीस कशी झाकली जाते. पंचांच्या सह्या घेतल्या. ठाण्यात परतलो, तर संपादक बाकावर तसेच, पाठ ताठ.

"अहो, सकाळीच सांगायचं ना! नोटीस दारामागे आहे, सुट्टीत दार लागलं की दिसते म्हणून!"

"सांगितलं असतं, तर तुमी आधी कचेरीत फोन केला असता. फोन गेल्यावर तो कागद भिंतीवर ऱ्हायला असता का? मंग मी खोटा, बातमी खोटी, आनि गावाची मुदत पन गेली. आता तुमच्या हातानं लिवलंय. आता कोन फाडील?"

छापखाना आणि कोठडी डोळ्यांसमोर असताना हा माणूस दिवसभर गप्प बसला होता, भिंतीवरचा एक कागद योग्य डोळ्यांनी बघावा म्हणून. आणि ते डोळे त्यानं माझे निवडले होते! मी उठलो आणि बाकावरच्या आरोपीला माझ्यासमोरच्या खुर्चीत बसवलं. चहा मागवला. हवालदारांनी न सांगता बिस्किटंही आणली.

गैरसमजुतीतून आलेली तक्रार म्हणून क समरी, म्हणजे केस बंद करायचा अहवाल, कोर्टाकडे पाठवली, कोर्टानं ती मंजूर केली. मुदतीच्या आत गावातली बाया-माणसं हरकतींचे अर्ज घेऊन त्या दारातून आत गेली. बातमी खोटी आहे असं म्हणायची कुणाची छाती झाली नाही. संपादकांनी कोर्टातून पंचनाम्याची नक्कल रीतसर मिळवली आणि पहिल्या पानावर जशीच्या तशी छापली. माझं छापून आलेलं ते पहिलं लिखाण. आमच्या घरी ते मोठ्यानं वाचलं गेलं.

त्या केसनं मला शिकवलं ते एवढंच: लपवायला दर वेळी कुलूप लागत नाही, उघडं दारही पुरतं. आणि ते ओढून बघणाऱ्याला चोर म्हणण्याआधी आपण स्वतः एकदा ओढून बघावं. पुढे ज्या ज्या ठाण्याचा चार्ज घेतला, तिथं खुर्चीत बसण्याआधी मी दार लावून मागची भिंत बघितली. निवृत्तीनंतरही ती खोड गेलेली नाही. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी मला आत येताना पाहतात आणि आपणहून उठून दार लोटतात. "बघा साहेब, काही नाही."

मी तरी बघतोच.