बैलाची पेन्शन

भिजवलेल्या सरकीचा वास आला की बदनापूरजवळच्या आमच्या शेतातला म्हातारा बैल आठवतो. वडिलांनी त्याला औताला जुंपणं बंद केलं होतं. विकायचा विषय निघाला की म्हणायचे, "पेन्शनीत निघालाय तो. आता बसून खायचा हक्क हाय त्याचा." त्यांना स्वतःला कसलीच पेन्शन नव्हती. ते दवाखान्यात असताना चाऱ्याचा खर्च वाचेल म्हणून मी बैल विकला. घरी आले त्याच संध्याकाळी ते सरकीचं घमेलं घेऊन गोठ्यात गेले. रिकाम्या खुंट्यापाशी घमेलं खाली ठेवलं आणि एवढंच म्हणाले, "बंद केली का तू त्याची पेन्शन?" परवा मी नोकरीतून निवृत्त झालो. निरोपाच्या जेवणात कुणीतरी म्हणालं, "आता बसून खायचं, साहेब." माझा घास हातातच राहिला.