आईनं निवडलेली शेगडी

मी आमचं पोशीर गाव सोडलं तो शाळेचा दिवस होता. काकांची जीप दारात उभी होती, टपावर दोन बॅगा दोरीनं बांधलेल्या. आमच्या आळीतून परदेशी जाणारी मी पहिलीच, त्यामुळं निम्मी आळी जीपभोवती जमली होती. फक्त आई नव्हती. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलांचं दुपारचं जेवण शिजवायची, आणि तिच्या जोडीची बाई नेमकी त्या दिवशी तापानं फणफणली होती. बाबांनी जीप शाळेपाशी थांबवायला लावली. आई पदराला हात पुसत बाहेर आली. धुरानं डोळे लाल झालेले. तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला, हाताला हळदीचा वास होता. म्हणाली, "जा. पोचलीस की फोन कर. पोरं पंगतीला बसल्यात."

आणि आत गेली.

आळीतल्या तुमच्यातले जे माझ्यासारखे निघून गेलेत, त्यांना अशी एखादी गोष्ट मनात धरून ठेवणं म्हणजे काय ते ठाऊक असेल. कॅनडाला येऊन मी नर्स झाले, वृद्धांच्या एका केंद्रात नोकरी लागली, खालापूरकडच्याच महेशशी लग्न झालं, इरा झाली. थंडीत दारातलं बर्फ फावड्यानं उपसताना मात्र मधूनच वाटायचं, आई विमानतळापर्यंत काही आली नाही.

बाबा गेल्यावर आई पोशीरला एकटी राहू लागली. भाऊ खोपोलीला असतो, तो बोलवायचा, ती जायची नाही. मग मीच हट्टानं तिला सहा महिन्यांसाठी कॅलगरीला आणलं. मनात सहा महिन्यांचा हिशेब नव्हताच. तिला कायमचं ठेवून घ्यायचं मी ठरवलं होतं. अर्ज भरून ठेवला होता, फक्त तिची सही बाकी होती. तिला मी यातलं काही सांगितलं नव्हतं.

पहिले काही महिने ती खिडकीपाशी बसून असायची. स्वयंपाक मी तिला करू देत नव्हते. आयुष्यभर धूर खाल्ला, आता तरी बसून खा, असं म्हणायचे. ती बसायची. पण जेवायची अर्धी पोळी. मी केंद्रात रोज अशी म्हातारी माणसं बघते, तरी घरात काय होतंय ते माझ्या लक्षात येत नव्हतं.

त्या उन्हाळ्यात महेशनं एक जुनी आरव्ही घेतली. आरव्ही म्हणजे चाकांवरची खोलीच. आत झोपायला पलंग, छोटं मोरीघर, ओट्याएवढं स्वयंपाकघर. लोक ती घेऊन डोंगरात जातात, तळ्याकाठी मुक्काम करतात. महेश गाड्या दुरुस्त करतो, त्यानं महिनाभर खपून ती चालती केली. राहिली होती फक्त बाहेर शिजवायची शेगडी. इथं त्याला ग्रिल म्हणतात. आतल्या बारक्या चुलीवर मसाला भाजला की अंथरुणापर्यंत वास जातो, म्हणून सगळे बाहेरच भाजतात.

महेशच्या डोक्यात कोळशाची गोल ग्रिल होती. मला विजेवरची हवी होती, पुसायला सोपी. आमचं दोन दिवस यावरून चाललेलं आईनं ऐकलं. शनिवारी दुकानात निघालो तेव्हा ती चप्पल घालून दारात उभी. हातात पिशवी, पिशवीत आमचं भाताचं पातेलं.

"आई, पातेलं कशाला?"

"शेगडी घ्यायला चाललोय ना? मग पातेलं बसतंय का बघाय नको?"

त्या भल्यामोठ्या दुकानात ग्रिलची एक अख्खी रांग होती. मला वाटलं आई बावरेल. तिनं चष्मा लावला आणि पहिल्या टोकापासून सुरुवात केली. प्रत्येक ग्रिलचं झाकण उघडायची, आत हात घालून जाळी चाचपायची, पाय दाबून डुगडुगतायत का बघायची. मग उचलून चार पावलं चालायची. दुकानातली बाई लगबगीनं मदतीला आली तेव्हा आईनं तिला हातानंच थांबवलं. "इरा, तिला सांग, जिला वापरायची हाय तिलाच उचलू दे."

महेशनं कोळशाची ग्रिल दाखवली. चव कशी येते, ते सांगितलं. आईनं सगळं ऐकून घेतलं.

"महेशराव, चव येती, खरं हाय. पण कोळसा पेटायला अर्धा तास आणि इझायला दोन तास. निघायच्या दिवशी गरम राख कुठं टाकनार तुमी? जंगलात?"

महेशनं कोळशाच्या ग्रिलचं झाकण मिटलं. माझ्या विजेच्या ग्रिलपुढं ती फार वेळ थांबलीसुद्धा नाही. "लाइट गेली तर?"

"इथं लाइट जात नाही गं आई."

"डोंगरात बी नाय?"

शेवटी ती एका चपट्या, दोन बर्नरच्या गॅसच्या ग्रिलपाशी आली. अर्धी बाजू जाळीची, अर्धी सपाट तव्यासारखी. झाकण मिटून हूक लावला की पेटीसारखी उचलता येत होती. आईनं पातेलं काढून जाळीवर ठेवलं, हलवून बघितलं, हललं नाही. कडेच्या पत्र्याला बोट लावून म्हणाली, "ह्यो उंच हाय, वारा अडवंल." मग खालचा तेल गळायचा ट्रे ओढून काढला, परत सरकवला. मग इराकडून एकेक प्रश्न विचारून घेतले. आच किती बारीक होते? सिलेंडर वेगळा लावता येतो का गाडीच्याच गॅसला जोडायचा? नळी कुठली? हा प्रश्न महेशलाही सुचला नव्हता. बाईनं सांगितलं की गाडीच्या बाहेरच्या नळाला आधीच कमी दाबानं गॅस येतो, तिथं ग्रिलबरोबर येणारी सिलेंडरची नळी लावली तर आच धड लागणार नाही, त्याला वेगळी नळी लागते. आई मान हलवत राहिली. "दोन्ही नळ्या घ्या. आणि एक सुटा सिलेंडर."

दुकानातली बाई इराला म्हणाली, तुझी आजी हॉटेल चालवते का? इरानं मराठीत विचारलं. आई हसली. कॅलगरीत आल्यापासून मी तिला पहिल्यांदा हसताना बघत होते.

ऑगस्टमध्ये आम्ही डोंगरात गेलो. तळ्याकाठी विजेची सोय असलेल्या बारा-पंधरा मुक्कामाच्या जागा, तीन-चार आरव्ही, बाकी तंबू. त्या वर्षी पाऊस नव्हता, रान वाळून खडखडीत झालं होतं, म्हणून लाकडं आणि कोळसा पेटवायला सक्त बंदी होती. गॅसला परवानगी होती. पाटी वाचून महेशनं आईकडं बघितलं आणि नुसता हसला. जावयाचं ते हसणं मला फार आवडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वादळी वारा सुटला. पाऊस नाही, नुसता वारा. दोन तास झाडं करकरत होती. शांत झालं तेव्हा कळलं की खालच्या रस्त्यावर झाडं आडवी पडलीयत, विजेच्या तारा तुटल्यात. वनखात्याची बाई येऊन सांगून गेली की रस्ता उद्या मोकळा होईल, तोवर इथंच थांबा, आणि आगीची बंदी तशीच आहे. बहुतेक तंबूवाले त्याच दिवशी निघणार होते. काहींनी विजेच्या शेगड्या आणल्या होत्या, त्या आता कामाच्या नव्हत्या. दुपारपर्यंत पोरं बिस्किटांवर आली. शेजारच्या तंबूत एक आई, डोरीन नावाची, आपल्या दोन मुलांना कच्ची गाजरं सोलून देत होती.

आई पायरीवर बसून हे सगळं बघत होती. मग उठली, साडीचा पदर खोचला आणि मला म्हणाली, "उज्ज्वला, ग्रिल बाहेर काढ. आणि इराला सांग, ज्याच्याकडं जे हाय ते घेऊन या म्हणावं."

मी म्हटलं, "आई, अगं किती लोक आहेत. आपलं पुरेल का?"

"किती हायत?"

"तीसेक असतील."

"तीस म्हंजे दुसरीचा एक वर्ग," ती म्हणाली.

इरा तंबूतंबूतून फिरली. बटाटे आले, कांदे, मक्याची कणसं, अंडी, सॉसेज. आमच्याकडं तांदळाची पिशवी होती आणि आईचा मसाल्याचा डबा. आईनं महेशला आरव्हीच्या आडोशाला ग्रिल मांडायला लावली, वाऱ्याकडं पाठ करून. सिलेंडरवर ओलं फडकं फिरवलं आणि बघत थांबली. वरचा भाग लगेच सुकला, खाली ओल तशीच राहिली. "एवढा गॅस हाय," तिनं बोटानं रेघ दाखवली. "उद्या सकाळच्या चहाला ठेवायचा. बेतानं करू." आजूबाजूचे बाप्ये वाकून त्या ओल्या रेघेकडं बघत राहिले.

मग तिनं जे विचारलं ते मला, रोज औषधं वाटणाऱ्या नर्सला, सुचायला हवं होतं. "कुनाला काय चालत नाय, ते इचार आधी."

डोरीनच्या धाकट्या मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी होती, दाणा पोटात गेला तर श्वास बंद व्हायचा. आणि आईनं बटाट्यांवर टाकायला दाण्याची चटणी काढून ठेवली होती. तिनं डबा बंद करून आरव्हीत आत ठेवून दिला, चटणी काढलेला चमचा बाजूला टाकला, साबणानं हात कोपरापर्यंत धुतले, आणि मलाही धुवायला लावले. डोरीन हे बघत होती. तिचे डोळे भरून आले. आईला इंग्रजी येत नाही, डोरीनला मराठी नाही. आईनं तिच्या हातात सुरी आणि कांदे दिले.

एका बर्नरवर भात, दुसऱ्यावर सपाट तव्यावर बटाटे, कांदे, मक्याचे दाणे. पातेल्यानं तीनदा भात दिला. सॉसेज शेवटी, वेगळी. पहिल्यांदा सगळी पोरं ओळीनं गवतावर बसवली, मग म्हातारी माणसं, मग बाकीचे. कोणी ताट घेऊन मध्येच उठला की आई नुसती बघायची आणि तो बसायचा. दुसऱ्या आरव्हीवाल्यांनीही मग आपल्या आतल्या चुली पेटवल्या, कोणी सूप आणलं, कोणी कॉफी. पण वाढायचं ते सगळे आईला विचारून.

मी भाताची परात धरून उभी होते आणि आईकडं बघत होते. आळीतल्या तुम्ही सगळ्यांनी तिला असं रोज बघितलंय. मी कधी बघितलंच नव्हतं. शाळेत शिकत असताना तिच्या हातची खिचडी खाऊन हात धुवून पळायचे. तीस माणसांचा अंदाज, आचेचा अंदाज, कोण लाजून कमी वाढून घेतोय याची नजर, हे सगळं तिचं शिक्षण होतं, आणि मी तिला चार महिने खिडकीपाशी बसवून ठेवलं होतं. त्या दुपारी ती दोनदा भात घेऊन जेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाला, रस्ता मोकळा झाल्याचा निरोप आला. आम्ही तळ्यावर भांडी धुवायचं पाणी भरायला गेलो. तिथं मी आईला अर्जाचं सांगून टाकलं. म्हटलं, तू इथंच राहा.

तिनं बादली तळ्यात बुडवून भरली.

"मला ठाव हाय," ती म्हणाली. "इरानं सांगितलं."

"मग?"

"तू मला नीट ठेवशील. पण ठिवून घ्यायला मी काय म्हातारी झाले का अजून? शाळा जूनलाच उघडली. माज्या जागेवर शाळेची झाडलोट करनारी शांता करती, ती रडकुंडीला आलीय. मी जाते गं."

मग मी तिला ते विचारलं, जे इतकी वर्षं विचारलं नव्हतं. "मी निघाले तेव्हा तू विमानतळावर का नाही आलीस?"

आईनं बादली खाली ठेवली. "आले असते तर तुला जाऊ दिलं नसतं," ती म्हणाली. "शाळेत काम होतं म्हनून सुटले. मग पोरांना वाढून झाल्यावर रडले. शांताला इचार."

आम्ही दोघी पाणी घेऊन परत आलो. अर्ज मी फाडला नाही, नुसता कपाटात ठेवला. सही तिची आहे, ती तिनं हवी तेव्हा करावी.

ऑक्टोबरात ती गेली. उरलेले दोन महिने स्वयंपाकघर तिच्या ताब्यात होतं. इरा बाजरीची भाकरी थापायला शिकली, वाकडीतिकडी. जाताना विमानतळावर आई म्हणाली, "तुजं घर हितं चांगलं बसलंय. मी बघून घेतलं सगळं. आता माजा जीव लागून राहायचा नाय." मला वाटायचं, आईला इथलं घर दाखवून मी तिला खुश करतेय. ती मात्र ते पारखायला आली होती, माझ्या पायाखालची जमीन डुगडुगतेय की नाही ते दाबून बघायला.

तुम्ही विचारता, घर कुठलं मग? मी इतकी वर्षं दोन्हीकडं अर्धी अर्धी राहत होते. पोशीरला आले की परतीचं तिकीट जपायचे, कॅलगरीत असले की पोशीरच्या नावानं उसासे टाकायचे. केंद्रातले सहकारी सुट्टीचं विचारायचे तेव्हा मी म्हणायचे, घरी चाललेय. आणि इराला ते आवडायचं नाही. ती म्हणायची, आपण घरीच आहोत ना?

परवा मी डिसेंबरच्या रजेचा अर्ज दिला. महेशनं विचारलं, काय ठरलं? मी पोळ्या लाटत होते. काही विचार न करता म्हटलं, "मी आणि इरा महिनाभर माहेरी जातोय."

बोलून गेल्यावर मीच थांबले. शेजारच्या कशेळ्याला दिलेली पोशीरची कुठलीही मुलगी हे असंच म्हणते, पिशवी भरते आणि जीपमध्ये बसते. मला हा शब्द सापडायला इतकी वर्षं लागली.