बातमीपत्र आणि मेंढराची गोळी

"अम्मा, ती आळशी नाही गं," सेतुमाधवराव म्हणत होते.

"मग काय अजगर आहे?" त्यांच्या आईने, महालक्ष्मीबाईंनी विचारलं. "सोंबेरी नुसती! रगड्यापाशी बसवली की डुलक्या घेते. आता आडी महिना येतो आहे. गल्लीतल्या सुना माहेरी जातात, तशी हिलाही तंजावरला पोचव. फक्त परत आणू नकोस."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, माहेरी गेली आहे. कोण मोजतंय महिने?"

भिंतीपलीकडे अंबुजा इडलीचं वाटत होती. सेतुमाधवरावांनी यावर काय उत्तर दिलं ते तिला आजही माहीत नाही. स्वतःच्या संसाराचा निकाल ऐकता ऐकता तिला झोप लागली. अंबुजा म्हणजे हे लिहिणारीच. पण असल्या बाईला "मी" म्हणायची लाज वाटते, म्हणून तिला "ती"च म्हणू. आणि नवऱ्याचं नाव ती तोंडाने अजून घेत नाही. कागदाला तेवढं सोवळं नसतं.

सेतुमाधवराव मद्रासच्या एका वैद्यकीय कॉलेजात टायपिस्ट होते. शहरात हार्मोनचा, म्हणजे शरीरातल्या ग्रंथींच्या रसांचा, अभ्यास करणारे बावन्न डॉक्टर होते आणि त्यांचं एक मंडळ होतं. दर महिन्याला त्याचं तीन कागदांचं बातमीपत्र निघे. परदेशी मासिकांतलं नवं संशोधन, कोणाची बढती झाली, सभा कुठे, चहा कोणाकडे, असं सगळं त्यात असे. सेतुमाधवराव स्टेन्सिल कापत, संध्याकाळी सायक्लोस्टाइल फिरवत आणि गठ्ठा घरी आणत. घड्या घालायचं, भाताच्या खळीने नावाच्या चिठ्ठ्या चिकटवायचं काम अंबुजाचं. तिसरीपर्यंत शिकली होती. डॉक्टरांची नावं चित्रासारखी ओळखायची. मग शनिवारी सकाळी ते सायकलवरून घरोघर वाटायला जात. पोस्टावर त्यांचा विश्वास नव्हता.

बातमीपत्राचा शब्द न् शब्द त्यांना पाठ. जेवताना सांगत, "अगं, मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी ग्रंथी असते, ती सगळ्यांवर हुकूम चालवते." अंबुजाला वाटे, आपल्या घरात ती चुलीपाशी पाटावर बसते. पण बोलत नसे. बोलायचाही कंटाळा येई.

छप्पन्न सालच्या मे महिन्यात डॉक्टर नारायणस्वामींनी, म्हणजे मंडळाच्या चिटणिसांनी, गळ्यातली ग्रंथी मंद झालेल्या बाईचं चित्र छापायला दिलं. सुजलेला चेहरा, जड पापण्या, भुवयांची टोकं झडलेली. सेतुमाधवरावांनी ते स्टेन्सिलवर जीव ओतून उतरवलं. अंबुजाने घड्या घालताना ते बावन्न वेळा पाहिलं, आणि प्रत्येक वेळी तिला त्या बाईची कीव आली. "अहो, बिचारीला कोणी औषध नाही का देत?" असंही तिने विचारलं. दोघं नवरा-बायको कंदिलाशी डोकं लावून त्या चित्राकडे पाहत होती. एकमेकांकडे बघायचं कोणालाच सुचलं नाही.

त्याच घड्या घालताना ती पेंगली. निम्म्या प्रतींत दुसरा कागद दोनदा गेला, निम्म्यांत गेलाच नाही.

रविवारी सकाळी डॉक्टर नारायणस्वामी दारात हजर. "सेतुमाधव राव! मी पान एकवरून थेट पान तीनवर पडलो! माझ्या बातमीचं शेपूट कुठे आहे?"

बाहेर कत्तिरीचं ऊन, म्हणजे मद्रासचं वर्षातलं सगळ्यांत जहाल. पालीलासुद्धा घाम यावा असं. अंबुजा कॉफीचा पेला घेऊन बाहेर आली ती अंगावर लोकरीची शाल घेऊन. "नमस्कार," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली.

डॉक्टरांचा राग तिथेच थांबला. "थंडी वाजते, अम्मा?"

"थोडी."

"झोप?"

"ती थोडी नाही," आतून सासूबाई म्हणाल्या.

डॉक्टर वळले. "सेतुमाधव राव, पान तीनवरचं चित्र कोणी काढलं?"

"मीच, सर." त्यांना वाटलं, शाबासकी मिळणार.

"मग जरा समोर पाहा."

सेतुमाधवरावांनी पाहिलं, आणि ते खाली बसले. लग्नाच्या दोन वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच बायकोकडे इतकं टक लावून पाहिलं, तेही परक्यासमोर. अंबुजा लाजली. त्या चेहऱ्यावर लाजणंसुद्धा सुजलेलंच दिसलं असणार.

औषध सोपं होतं, रोज एक गोळी. "कशाची?" सासूबाईंनी विचारलं. सेतुमाधवरावांना खोटं बोलता येत नसे. "मेंढराच्या गळ्यातली ग्रंथी, वाळवून."

सासूबाईंनी पदर नाकाला लावला. मग सेतुमाधवराव वाटायच्या राहिलेल्या प्रतींच्या गठ्ठ्यात शोधायला लागले. चार प्रती उलटल्यावर एकदाचं पान दोन सापडलं. "अम्मा, हे बघ! आता परदेशात कारखान्यात गोळी होते. जनावर नाही, काही नाही."

"ती कधी येणार?"

"मागवायला लागेल," डॉक्टर म्हणाले. "सहा महिने तरी."

"आणि तोवर गोळी नाही घेतली तर?"

डॉक्टरांनी नुसतं अंबुजाकडे पाहिलं. महालक्ष्मीबाईंनीही पाहिलं. सून सोंबेरी नाही, आजारी आहे, हे त्यांना पटायला कॉफी निवेपर्यंतचा वेळ लागला. मग त्या उठल्या. "मागच्या अंगणात विहिरीपाशी गोळी घ्यायची. डोक्यावरून दोन घागरी पाणी. मग चुलीला हात. कळलं?"

"आत्याबाई, आधीच थंडी वाजते," अंबुजा म्हणाली.

"मग पटकन बरी हो."

म्हणजे थंडीच्या आजाराला रोज पहाटे विहिरीचं पाणी! अंबुजा दात वाजवत गोळी गिळायची आणि मेंढराची मनोमन माफी मागायची. आठ आठवड्यांत चेहरा उतरला. आवाज परत आला, आणि त्याबरोबर उलट बोलणंही. आडीत ती तंजावरला गेली, तर तिसऱ्याच आठवड्यात सासूबाईंचं कार्ड आलं, "माहेरपण पुरे. वाटण कोण वाटणार?"

पुढे कारखान्याची गोळी आली. दर महिन्याला बातमीपत्रं वाटली की सेतुमाधवराव परतीच्या वाटेवर बाटली घेऊन येत. अशी बारा वर्षं.

ते एका सोमवारी वारले. त्याच्या आधीचा शनिवार नेहमीसारखाच होता. बावन्नाचे आता एकशे दहा डॉक्टर झाले होते. एकाने घर बदललं होतं, पत्ता विचारत विचारत ते थेट शहराच्या टोकाला अड्यारपर्यंत गेले आणि त्याच्या हातात कागद दिला. परत आले तेव्हा दीड वाजला होता. सायकल कट्ट्याला टेकवली, पाय धुतले, गोळ्यांची बाटली फळीवर ठेवली, जुनी खाली उतरवून हलवून पाहिली.

"दोन उरल्या आहेत," ते म्हणाले. "आधी या संपव. वाढ आता."