हिरव्या कोटातली पाठ

नाजियेचा चेहरा आमच्या गल्लीबाहेर कुणाला ठाऊक नाही. तिची पाठ मात्र सगळ्या जर्मनीने पाहिली आहे.

ती वयाने मोठी, म्हणून आम्ही तिला आब्ला म्हणतो, तुर्कीत ताई. बर्लिनच्या न्यॉइकॉल्न वस्तीत माझं पावाचं दुकान आणि शेजारी तिचं कपडे दुरुस्तीचं. अनातोलियातून लग्न होऊन आली तेव्हा जर्मनचं एक अक्षर येत नव्हतं. चॉकलेटच्या कारखान्यात कंबर मोडेस्तोवर राबली, नवरा गेल्यावर शिलाई मशीन घेतलं. तोंडाने फटकळ. गिऱ्हाइकाची पँट घट्ट झाली तर सरळ सांगते, "कापड आटलं नाही हो, तुम्ही फुगलात!"

एका हिवाळ्यात ती बाजारातून बटाटे घेऊन येत असताना कुणीतरी मागून फोटो काढला. डोक्याला रुमाल, दोन्ही हातांत पिशव्या आणि अंगात स्वतः शिवलेला हिरवा कोट, खांद्यांवर रुंद पिवळा पट्टा. तसा कोट बर्लिनमध्ये दुसरा नाही. मग कुठे सुरामारी होवो, निवडणूक येवो, शाळेत जागा कमी पडोत, बातमी मुसलमान स्थलांतरितांची म्हटली की पेपरात हिचीच पाठ. टीव्हीवरही तीच. साप साप म्हणून भुई धोपटायची, आणि भुई कोण, तर आमची आब्ला! मला नुसता संताप यायचा.

तिच्या मुलाने, लेवेंटने, पेपरवाल्यांना फोन केला. चेहरा दिसत नाही, मग तक्रार कसली, असं उत्तर मिळालं. त्यालाही ते पटलं.

"आई, पाठच तर आहे. कोण ओळखतंय?"

"पुढून कुणी आलं तर मी बघून घेईन रे," ती म्हणाली. "मागून आलं तर?"

एकदा बसमध्ये एक माणूस पेपरातला फोटो आणि तिचा कोट आळीपाळीने बघत बसला. दोन स्टॉप आधीच उतरून ती चालत आली. तेव्हापासून ती भिंतीच्या कडेने चालू लागली आणि बसमध्ये फक्त शेवटच्या सीटवर बसू लागली.

कोट टाकवेना, चांगला कपडा टाकणं पाप. पट्टा उसवायला बसली, चार टाके काढले आणि परत घातले. शेवटी तिने तो हनादीला दिला. हनादी सिरियाहून नवीनच आलेली, आब्लाच्या हाताखाली शिवण शिकणारी पोर. पातळ जाकिटात कुडकुडत यायची.

"घे, मला घट्ट होतो."

"कापड आटलं का आब्ला?"

"आटलं नाही गं बये, मी फुगले."

आम्ही तिघी पोट धरून हसलो. पुढचा विचार तिच्या मनात आला नाही, माझ्याही नाही. थंडीत पोरीला ऊब मिळाली, एवढंच आम्हाला दिसलं.

निवडणुकीच्या आठवड्यात हनादीला एका सकाळी यायला उशीर झाला. आली ती पांढरीफटक. बसस्टॉपवर कुणीतरी "पेपरातली तीच ही!" म्हणून ओरडलं आणि मागून गरम कॉफी फेकली. उभे असलेले सगळे आपापल्या फोनमध्ये बघत राहिले.

"भाजलं का गं?" मी विचारलं.

"नाही. कोट जाड आहे." तिने तो काढून टेबलावर पसरला. पिवळा पट्टा तपकिरी झाला होता. "माफ करा आब्ला. तुम्ही हाताने शिवलेला, माझ्याकडून खराब झाला."

आब्ला मटकन खुर्चीत बसली. "माझ्या पाठीवरचं मी तुझ्या पाठीवर घातलं गं," म्हणाली आणि हुंदके देऊन रडली. हनादीला काहीच कळेना. मग मी तिला आब्लाच्या पाठीचा फोटो असलेला पेपर दाखवला.

दुसऱ्या दिवशी आब्ला घराबाहेर पडली ती तोच डागाळलेला कोट घालून. हनादीला तिने आपला नवा काळा कोट दिला होता.

"वेड लागलंय का तुला?" मी ओरडले.

"पाठ माझी आहे. मीच वागवीन." पण वरचं बटण तिला काही लागेना. ते मी लावलं.

आता रोज संध्याकाळी दुकान बंद करून मी तिच्या मागून बसस्टॉपपर्यंत चालते.

"सेविम, मागे काय रेंगाळतेस? पाय दुखतात का?"

"दुखतात," मी म्हणते.

मागे पावलं वाजतात. तरी मी तिची पाठ सोडून बाजूला होत नाही. कुणी फोटो काढलाच, तर त्यात माझी पाठ येईल.