आईची एक-एकच्या नोटांची गड्डी

मला साठपर्यंत मोजता येत नाही, हे मला वयाच्या बावन्नाव्या वर्षी कळलं. तेही डोंबिवलीत, आमच्या सोसायटीच्या फाटकात, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी भर दुपारी!

माझी आई ठाण्याला, बाळकुममध्ये माझ्या बहिणीकडे राहते, पण लक्ष्मीपूजनाला आमच्याकडे येते. येताना सोबत एक पितळी डबा असतो आणि त्यात एक-एक रुपयाच्या शंभर नोटांची गड्डी. आई बँकेत कॅशियर होती. पहिल्या पगारातले शंभर रुपये तिने एक-एकच्या कोऱ्या नोटांत मागून घेतले, स्वतः मोजले, कागदी पट्टी चिकटवली आणि पट्टीवर झोकात सही केली. तेव्हापासून दर दिवाळीला त्या गड्डीला हळदकुंकू लागतं. पट्टी मात्र कधी सुटलेली नाही. लहानपणी मला त्या गड्डीला हात लावायची सक्त मनाई होती. (एकदाच लावला होता. त्याबद्दल नंतर.)

तर आईला घेऊन मी स्टेशनवरून रिक्षाने घरी आलो. माधवी, म्हणजे माझी बायको, खाली उतरली होतीच. तिने आईला हात देऊन लिफ्टकडे नेलं.

"विनू, डबा तू आण. नीट आण हो," आई जाता जाता म्हणाली.

रिक्षावाल्याचं नाव संतोष. काचेवर तसं मोठ्या अक्षरांत लिहिलेलंच होतं.

"साठ झाले काका."

मी ऐटीत मोबाईल काढला, कोड स्कॅन केला. स्क्रीनवर चक्र फिरायला लागलं. फिरलं, फिरलं आणि फिरतच राहिलं!

"टॉवर गेलाय काका, सकाळपासून. कॅश द्या ना."

कॅश! पाकीट बाळगणं मी चार वर्षांपूर्वीच सोडलंय. माधवीकडे मागावेत, तर आदल्याच रात्री मी तिला "घरात रोख ठेवणं हे मागासलेपण आहे" यावर पाऊण तास ऐकवलं होतं. आता कुठल्या तोंडाने मागणार? माझी नजर डब्यावर गेली. साठ नोटा घ्यायच्या आणि पूजेच्या आत दुसऱ्या आणून ठेवायच्या. नोट ती नोट! (एकची नोट हल्ली मिळते कुठे, हा प्रश्न मला तेव्हा पडलाच नाही.) मी पट्टी फाडली.

संतोषने पहिली नोट उन्हात धरली, उलटी केली, सुलटी केली.

"काका, ही कसली नोट? गांधीजींचा फोटोच नाही! चष्मा कुठंय?"

"एकच्या नोटेवर चष्मा नसतो."

"एकची नोट असते?" तिशीतला तो बाप्या, पण डोळे एवढाले झाले. "आयला! आमचे आजोबा सांगायचे. मला वाटायचं, फेकतायत!"

मी अंगठा ओला करून मोजायला घेतलं. नोटा एकमेकींना सोडेनात. त्रेचाळीसपर्यंत आलो आणि संतोषने विचारलं, "काका, कितवा मजला तुमचा?" मी म्हटलं, "चौथा," आणि पुढे चव्वेचाळीस की चौतीस तेच आठवेना! पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं आणि कशाबशा साठ त्याच्या हातात ठेवल्या. त्याने मोजल्या, सत्तावन्न भरल्या. त्याच मी मोजल्या, तर चौसष्ट!

"तुमच्या हातात वाढतात कशा?" तो आदराने म्हणाला.

तेवढ्यात आमचे सेक्रेटरी दामले आले. दामले वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत अकाउंट्स बघतात. कॉम्प्युटरवर कोटींच्या गोष्टी करणारा माणूस! त्यांनी सगळ्या नोटा ताब्यात घेतल्या आणि रिक्षाच्या सीटवर दहा-दहाचे गठ्ठे लावायला सुरुवात केली. सहावा गठ्ठा लागला आणि मागच्या गल्लीत कोणीतरी सुतळी बॉम्ब फोडला. दामले दचकून सरळ सीटवर बसले. गठ्ठ्यांसकट!

"विनू, डबा कुठाय?"

मागे आई उभी होती. सीटवर विखुरलेल्या नोटा तिने पाहिल्या. मग पायाशी पडलेली पट्टी उचलली आणि तिच्यावरची आपली सही बोटाने सरळ केली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ती वॉचमनच्या खुर्चीत बसली. दामल्यांच्या बाटलीतल्या पाण्याने बोट ओलं केलं, नोटा डाव्या हाताच्या बोटांत अडकवल्या आणि उजवा अंगठा चालायला लागला. फर्रर्र! नोटा दिसतच नव्हत्या, नुसती वाऱ्याची झुळूक येत होती. आम्ही तिघे तोंड उघडं टाकून उभे. बावन्न वर्षं मी या बाईचा मुलगा आहे, पण तिला तिचं काम करताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

"नव्याण्णव," आई म्हणाली.

पुन्हा एकदा फर्रर्र. पुन्हा नव्याण्णव!

दामले संतोषकडे वळले. "अरे, जरा खिसे बघ बरं."

"काय बोलताय काका? सणाच्या दिवशी एक रुपया चोरेन का मी?" त्याचा चेहरा पार उतरला. त्याने दोन्ही खिसे उलटे केले, सीट उचलून दाखवली. किल्ली, खोकल्याच्या दोन गोळ्या, बाकी काही नाही. मला ते बघवेना.

"थांबा," मी म्हणालो. "आई, ती नोट मी घेतली होती."

"आत्ता?"

"चौथीत असताना. बर्फाचा गोळा खाल्ला."

दामले माझ्याकडे बघतच राहिले. आईने गड्डीच्या कडा जुळवल्या.

"माहितीये मला. दरवर्षी कुंकू लावताना कडेवरून अंगठा फिरवते ना मी! चाळीस-बेचाळीस वर्षं नव्याण्णवच लागतायत."

"मग बोलली का नाहीस?"

"म्हटलं, बघू तू कधी बोलतोस. पण विनू, तेव्हा पट्टीला धक्काही न लावता मधली नोट ओढली होतीस रे. काय सुंदर हात होता तुझा! आता काय झालं?"

आईने हातरुमालाच्या गाठीतून साठ रुपये काढले, वर दिवाळीचे वीस घातले आणि संतोषला दिले. तो तिच्या पाया पडला. "आजी, एकदा परत मोजून दाखवा ना!" आजींनी दाखवलं. दामल्यांनी त्याची माफी मागितली आणि व्हिडिओही काढला.

इतक्यात माझा मोबाईल टुणटुणला. टॉवर आला होता. मी घाईघाईने म्हणालो, "आई, तुझा एक रुपया आत्ताच्या आत्ता पाठवतो."

"कॅश कमी आली की कॅशियर पदरची भरतो," आई म्हणाली. "नोट आण."

भाऊबीज झाल्यावर कल्याणला जुन्या नाण्या-नोटांचं एक दुकान सापडलं. एक रुपयाची नोट सव्वाशे रुपयांना! वर दुकानदार म्हणाला, "रोखच लागतील, आणि सुटे." सुटे पैसे मी जमवले. मोजून द्यायला मात्र आईला बरोबर न्यावं लागलं.